लघवीच्या जंतुसंसर्गावर व्हिडिओ कॉलवरून उपचार घेणे कितपत योग्य आहे?

सातपुडा_शिक्षिका यांचा प्रश्न

मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ३४. परवापासून मला उन्हाळी लागली आहे. लघवी करताना आग होते, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा जावेसे वाटते, गेल्यावर थेंब थेंबच होते आणि ओटीपोटात जडपणा राहतो. ताप किंवा उलटी नाही. धणे-जिऱ्याचे पाणी आणि वाळ्याचे सरबत घेत आहे, त्याने तेवढ्यापुरते बरे वाटते. गेल्या वर्षभरात हा त्रास होण्याची ही तिसरी वेळ आहे. आधीच्या दोन्ही वेळी मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी आराम पडला होता.

आमच्या जवळच्या दवाखान्यात एकच खोली आहे आणि तपासणीच्या टेबलासमोरच बाकावर इतर रुग्ण बसलेले असतात. त्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे पालकही असतात. अशा ठिकाणी हे दुखणे मोकळेपणाने सांगणे मला जमत नाही. स्त्री डॉक्टरांकडे जायचे तर शहाद्याला किंवा नंदुरबारला जावे लागते, म्हणजे घाटातल्या प्रवासात पूर्ण दिवस जातो आणि शाळा बुडते. त्यातही अर्ध्या तासाला लघवीला जावे लागत असताना एसटीत बसणे किती कठीण आहे, हे ज्यांना हा त्रास झाला आहे त्यांना सांगायला नको.

म्हणून काल एका ॲपवर पैसे भरून सल्ला घेतला. मी तीन ओळींत त्रास लिहिला आणि काही मिनिटांतच औषधाची चिठ्ठी आली. तीत सेफिक्झिमच्या पाच दिवसांच्या गोळ्या आणि लघवीची जळजळ कमी करणारे सिरप आहे. कोणी माझ्याशी बोलले नाही, काही विचारलेही नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव आहे, पण नोंदणी क्रमांक नाही. मी अजून गोळ्या घेतलेल्या नाहीत.

मला असे विचारायचे आहे की, रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता या आजाराचे निदान खरोखर होऊ शकते का? लघवीची तपासणी करावीच लागते का? आणि पुन्हा व्हिडिओवरून सल्ला घ्यायचा झाला, तर तो नीट मिळावा म्हणून मी काय पाहावे आणि काय सांगावे?

वैद्यक_नाशिक यांचे उत्तर

ताई, मी नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि आठवड्यातील काही तास व्हिडिओवरून रुग्ण पाहते. आपण गोळ्या सुरू करण्यापूर्वी विचारलेत, हे फार बरे झाले.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना आश्चर्याचे वाटेल. मूत्राशयापुरत्या मर्यादित असलेल्या साध्या जंतुसंसर्गाचे निदान मुळात हातांनी तपासून होत नाही, ते रुग्णाच्या सांगण्यावरून होते. एखाद्या स्त्रीला लघवीला जळजळ होत असेल, वारंवार जावे लागत असेल आणि त्याच वेळी योनीमार्गात खाज किंवा अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास नसेल, तर तिला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या पुढे जाते. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसलेली असो की पडद्यावर दिसत असो, या आकड्यात फरक पडत नाही. गर्भवती नसलेल्या, इतर मोठा आजार नसलेल्या आणि क्वचितच हा त्रास होणाऱ्या तरुण स्त्रीवर लघवीची तपासणी न करताही उपचार सुरू करणे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. म्हणूनच दूरस्थ सल्ल्यासाठी जे आजार सर्वांत योग्य मानले जातात, त्यांत याचा क्रमांक वरचा लागतो.

मात्र हे सारे प्रश्न विचारण्यावर अवलंबून आहे. आपल्याला ज्या पद्धतीने चिठ्ठी मिळाली, तीत विचारपूस झालीच नाही, म्हणजे तपासणीच झाली नाही. मी आपल्याशी बोलत असते, तर सर्वप्रथम शेवटची पाळी कधी आली ते विचारले असते. गर्भारपणात या आजाराचे सारे गणितच बदलते. लघवीची कल्चर तपासणी (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणे) त्या वेळी अनिवार्य होते, काही औषधे वर्ज्य होतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका वाढतो. त्यानंतर हुडहुडी भरून ताप येतो का, कुशीत किंवा पाठीच्या वरच्या भागात एका बाजूला दुखते का, उलट्या होतात का, हे विचारले असते, कारण ही मूत्रपिंडाला संसर्ग झाल्याची लक्षणे आहेत आणि अशा रुग्णाने व्हिडिओवर वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. मधुमेह, मूतखडा, मूत्रपिंडाचा जुना आजार, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली ॲलर्जी, सध्या चालू असलेली औषधे आणि लघवीतून रक्त जाते का, हेही विचारायलाच हवे. हे सारे सात-आठ मिनिटांत होते, पण ती सात-आठ मिनिटे द्यावीच लागतात.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षभरात तीन वेळा त्रास झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. आपण आता त्या व्याख्येत बसता. म्हणून तपासणीविना उपचाराची जी मुभा मी वर सांगितली, ती आपल्याला लागू होत नाही. पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी द्यायला हवा. एकदा प्रतिजैविक सुरू झाले की लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल हे कळण्याची संधी त्या खेपेपुरती हुकते.

सेफिक्झिमविषयीही लिहिते. साध्या मूत्राशयसंसर्गासाठी ते पहिल्या पसंतीचे औषध नाही. हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूमुळे होतो, आणि आपल्या देशातील ई. कोलाय सेफिक्झिमच्या गटातील औषधांना तसेच सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या वार्षिक अहवालांतून हेच चित्र वर्षानुवर्षे दिसते. त्याउलट नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे मूत्राशयातील ई. कोलायवर अजूनही चांगली चालतात. नायट्रोफ्युरॅन्टॉइन साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पाच दिवस देतात, तर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची असते. ही माहिती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून देत आहे. औषध मात्र प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनीच ठरवायचे, कारण मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असेल, जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर नायट्रोफ्युरॅन्टॉइन चालत नाही.

जुना_सभासद यांचे उत्तर

डॉक्टरांचा अनुभव मोठा आहे, तरी मनातली शंका मांडतो. पोटाला हात न लावता, लघवी न तपासता औषध देण्याची सवय एकदा लागली, तर प्रत्येक जळजळीला प्रतिजैविक दिले जाईल असे मला वाटते. दवाखान्यात निदान लघवीची साधी तपासणी तरी होते. शिवाय असा सल्ला देण्याला कायद्याचा आधार आहे का, हेही कोणी स्पष्ट करावे.

वैद्यक_नाशिक यांचे उत्तर

आपली शंका निराधार नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील प्राथमिक आरोग्यसेवेच्या दवाखान्यांतून याच विषयाची तुलना झाली होती आणि ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्रसंसर्गासाठी ऑनलाइन प्रश्नावलीद्वारे सल्ला घेतलेल्यांपैकी केवळ ८ टक्के रुग्णांना लघवीची तपासणी सांगण्यात आली, तर प्रत्यक्ष भेटीत हे प्रमाण ५१ टक्के होते. प्रतिजैविक मात्र ऑनलाइन सल्ल्यात ९९ टक्के रुग्णांना लिहून दिले गेले आणि प्रत्यक्ष भेटीत ४९ टक्के रुग्णांना. तोच त्रास घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे यावे लागण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले, हेही त्याच पाहणीत दिसले. म्हणजे रुग्णाचे लगेच काही बिघडले नाही, पण औषध सरसकट दिले गेले. मला यातून एवढेच दिसते की, डॉक्टरांनी दूरस्थ सल्ल्यातही तपासणी लिहून देण्याची सवय सोडता कामा नये. चिठ्ठीवर कल्चर लिहायला पडदा आड येत नाही.

पोटाला हात लावण्याविषयी म्हणाल, तर साध्या मूत्राशयसंसर्गात त्याने निदान फारसे बदलत नाही. ताप, कुशीत दुखणे, लघवी तुंबणे, अंगावरून वेगळा स्राव जाणे यांपैकी काही असेल, तर मात्र हाताने तपासावेच लागते. पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा प्रश्न असू शकतो आणि लहान मुलांमध्ये मूत्रमार्गाच्या रचनेचा, म्हणून या दोघांवर मी व्हिडिओवरून उपचार करत नाही. त्यांना फक्त कुठे जावे आणि कोणती तपासणी करून घ्यावी, एवढेच सांगते. कॅथेटर लावलेल्या रुग्णांचेही तसेच.

कायद्याचा आधार स्पष्ट आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, आवाज किंवा लेखी संदेश यांद्वारे सल्ला देऊ शकतो. मात्र पहिल्याच भेटीत कोणती औषधे लिहिता येतील हे माध्यमावर अवलंबून आहे आणि त्या बाबतीत व्हिडिओला सर्वाधिक मुभा आहे. योग्य निदानाविना औषध लिहिणे हे त्यांत व्यावसायिक गैरवर्तन मानले आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने स्वतःहून रुग्णाला सल्ला देण्यास किंवा औषध लिहिण्यास त्यांत मनाई आहे. तीन ओळींच्या संदेशावर काही मिनिटांत आलेली आणि नोंदणी क्रमांक नसलेली चिठ्ठी या कसोट्यांवर टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधविक्रेता_सातारा यांचे उत्तर

दुकानाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. नोंदणी क्रमांक नसलेली ती चिठ्ठी माझ्याकडे आली असती, तर मी औषध दिले नसते. सेफिक्झिम हे शेड्यूल एच-१ मध्ये येते. मार्च २०१४ पासून या यादीतील औषध विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, तो ग्राहकांनीही वाचावा. ‘मागच्या वेळी दिल्या होत्या त्याच गोळ्या द्या’ असे म्हणत रिकामी पट्टी घेऊन येणाऱ्या भगिनी रोज दिसतात. त्यांना नकार देणे जिवावर येते, कारण त्यांना खरोखर त्रास होत असतो आणि पुढचा दवाखाना दूर असतो. अशांना मी आता दूरस्थ सल्ल्याचा मार्ग सुचवतो आणि चिठ्ठी आली की औषध देतो.

दुसरी गोष्ट जळजळ कमी करणाऱ्या सिरपविषयी. ही सिरपे लघवीतील आम्लता घटवतात, त्यामुळे आग कमी होते, पण जंतू मरत नाहीत. नायट्रोफ्युरॅन्टॉइन आम्लधर्मी लघवीतच अधिक चांगले काम करते. त्यामुळे ते चालू असताना असे सिरप घेतले, तर औषधाचा जोर कमी होतो. दोन्ही एकाच चिठ्ठीत लिहिलेली मी अनेकदा पाहतो आणि तसे दिसले की डॉक्टरांना फोन करून विचारतो. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेली पित्तशामक औषधेही या गोळीबरोबर घेऊ नयेत. गोळी सुरू झाल्यावर लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, तिला घाबरून औषध मध्येच बंद करू नये.

तालुक्याच्या लहान दुकानांत नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन नेहमी शिल्लक असतेच असे नाही. व्हिडिओवर बोलत असतानाच जवळच्या मेडिकलला फोन करून औषध मिळते का ते विचारून घ्यावे आणि मिळत नसेल तर डॉक्टरांना तेव्हाच सांगावे. नाहीतर दुकानदार ‘याच्याऐवजी हे घ्या’ म्हणून दुसरे प्रतिजैविक हातात ठेवतो. एकाच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी आणि वेगळेच प्रतिजैविक या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. दुसरे प्रतिजैविक देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

लेक_सांगलीची यांचे उत्तर

माझ्या आईचे वय ६८ आहे आणि तिला बरीच वर्षे मधुमेह आहे. तिला लघवीला आग होत होती म्हणून भावाने त्याच्या फोनवरून डॉक्टरांशी बोलणे करून दिले. भाऊ शेजारीच बसला होता. डॉक्टरांनी विचारले आणि आई ‘थोडी आग होते’ एवढेच म्हणाली. प्रतिजैविक दिले गेले, पण फरक पडला नाही. पुढच्या वेळी मी माहेरी होते. फोन घेऊन आईला स्वयंपाकघरात नेले, दार लोटले आणि मी बाहेर थांबले. तेव्हा तिने डॉक्टरांना सांगितले की आग लघवी बाहेरच्या त्वचेला लागते तेव्हा होते, खाज खूप आहे आणि पांढरा चिकट स्राव जातो. डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. त्यांत डापाग्लिफ्लोझिन होते. त्यांनी समजावून सांगितले की हे औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होणे सोपे जाते. त्यांनी आईला सांगलीतील स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. तिथे बुरशीचे निदान झाले आणि त्या उपचाराने तिला बरे वाटले.

हे लिहिण्याचे कारण असे की, आपल्या घरांत फोन बहुधा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो आणि व्हिडिओवरच्या भेटीला घरातले चार लोक हजर असतात. दवाखान्यात निदान पडदा तरी ओढता येतो. बाईला फोन हातात देऊन पाच मिनिटे एकटे सोडा, एवढी विनंती मला सर्वांना करावीशी वाटते.

वैद्यक_नाशिक यांचे उत्तर

सांगलीच्या ताईंनी जे लिहिले, ते मला स्वतःला सुचायला हवे होते इतके ते मोलाचे आहे. व्हिडिओवर रुग्ण दिसली की मी आता सर्वप्रथम ‘तुमच्या खोलीत आणखी कोणी आहे का’ असे विचारते आणि असेल तर हेडफोन लावायला सांगून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारते.

आग नेमकी कुठे होते, आत की बाहेरच्या त्वचेला, हा प्रश्न फार कामाचा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे आता सर्रास दिली जातात आणि ती हृदयासाठी व मूत्रपिंडासाठी गुणकारीही आहेत. म्हणून ती कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण सल्ला घेताना त्यांचे नाव अवश्य सांगावे. पाळी गेल्यानंतर योनीमार्गातील त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यानेही जळजळ होते आणि खरा जंतुसंसर्गही वारंवार होऊ लागतो. अशा स्त्रियांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने पुनःपुन्हा होणारा संसर्ग कमी होतो. हा उपाय आपल्याकडे फार कमी स्त्रियांना सांगितला जातो.

वयस्कर व्यक्तींविषयी एक सावधगिरी सुचवते. वार्षिक तपासणीत लघवीत जंतू आढळले, पण काहीच त्रास नसेल, तर तो अहवाल फोनवर दाखवून प्रतिजैविक मागू नये. त्रास नसताना लघवीत जंतू असणे उतारवयात सामान्य आहे. गर्भारपण किंवा मूत्रमार्गावरील शस्त्रक्रिया यांसारखे कारण नसेल, तर त्यावर उपचार करायचा नसतो.

लेस्टरकर यांचे उत्तर

मी इंग्लंडमध्ये एका औषधालयात काम करतो. इथे ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेखाली १६ ते ६४ वर्षे वयाच्या स्त्रियांना साध्या मूत्रसंसर्गासाठी डॉक्टरांकडे न जाता औषधविक्रेत्याकडून उपचार मिळतो. लघवीला जळजळ, रात्री लघवीसाठी नव्याने उठावे लागणे आणि लघवी गढूळ दिसणे या तीन लक्षणांपैकी किमान दोन असावी लागतात. त्यानंतर नायट्रोफ्युरॅन्टॉइनचा तीन दिवसांचा कोर्स देतात. पण त्याआधी आम्हाला वगळण्याची यादी ओळीने विचारावी लागते आणि तीत गर्भारपणाबरोबरच सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालेला त्रासही आहे. म्हणजे शिक्षिका ताई इथे आल्या असत्या, तरी आम्ही त्यांना स्वतः गोळी न देता डॉक्टरांकडेच पाठवले असते. ४८ तासांत उतार पडला नाही तर काय करायचे, हेही रुग्णाला निघण्यापूर्वी सांगावेच लागते. व्हिडिओवरील सल्ला संपवताना डॉक्टरांना हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असे मला वाटते.

सातपुडा_शिक्षिका यांचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. पाळी नियमित आहे, मधुमेह नाही, खाज किंवा स्राव नाही. सेफिक्झिम घेतलेले नाही. आज शाळा सुटल्यावर ई-संजीवनीवरून सल्ला घेण्याचा विचार आहे. ती सेवा या त्रासासाठी चालेल का? आणि नमुन्याचे काय करावे? कल्चरची सोय इथे जवळपास नाही. नंदुरबारला पाठवायचा झाला, तर वाटेतच बराच वेळ जाईल.

वैद्यक_नाशिक यांचे उत्तर

चालेल. ई-संजीवनी ही सरकारची विनामूल्य सेवा आहे. तिची घरबसल्या सल्ल्याची सोय एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ई-संजीवनीवरून एकूण दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले होते. मोबाइल क्रमांकावर आलेला ओटीपी टाकून टोकन घ्यायचे आणि क्रमांक आला की डॉक्टर पडद्यावर येतात. सल्ल्यानंतरची चिठ्ठी फोनवरच मिळते. आपल्या भागात नेटवर्क मधूनमधून जाते, याची मला कल्पना आहे. तसे असेल तर जवळच्या आरोग्यवर्धिनी उपकेंद्रात जावे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी आपल्या शेजारी बसून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी याच सेवेवरून जोडून देतात. त्या स्त्री असतील तर आपला संकोचही कमी होईल. तिथे रक्तदाब, ताप आणि गर्भचाचणी लगेच होते, हा आणखी एक लाभ.

नमुन्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. मेडिकलमध्ये निर्जंतुक डबी मिळते, ती सील असलेलीच घ्यावी. जागा साध्या पाण्याने समोरून मागे धुवावी. पहिली थोडी लघवी जाऊ द्यावी, मधली धार डबीत घ्यावी आणि डबीच्या आतल्या कडेला बोट लागू देऊ नये. हा नमुना साध्या तापमानात दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, नाहीतर वाटेतच जंतू वाढतात आणि अहवाल फसवा येतो. तितक्या वेळात पोहोचणे शक्य नसेल, तर डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि बर्फ घातलेल्या डब्यातून २४ तासांच्या आत पोहोचवावी. डबी बंद प्लास्टिक पिशवीत असावी, म्हणजे वितळलेले पाणी आत शिरणार नाही. नंदुरबारला जाणारे विश्वासाचे कोणी असेल, तर त्यांच्याबरोबर नमुना पाठवता येईल, आपणच जाण्याची गरज नाही. कल्चरसाठीची चिठ्ठी ई-संजीवनीच्या डॉक्टरांकडून मागून घ्यावी.

अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर जळजळ सोसत बसण्याचे कारण नाही. नमुना घेऊन झाला की डॉक्टर योग्य वाटेल ते औषध सुरू करू शकतात आणि अहवाल आल्यावर गरज पडल्यास बदलू शकतात. मधल्या काळात हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखू लागले किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात राहीनाशी झाली, तर पडद्यावरच्या सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जावे. नायट्रोफ्युरॅन्टॉइन मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसे पोहोचत नाही, त्यामुळे वर चढलेल्या संसर्गावर ते निरुपयोगी ठरते.

सातपुडा_शिक्षिका यांचे उत्तर

उशिरा कळवत आहे. ई-संजीवनीवर स्त्री डॉक्टर मिळाल्या आणि आपण लिहिलेले जवळजवळ सर्व प्रश्न त्यांनी विचारले. नमुना एका सहकाऱ्यांबरोबर बर्फाच्या डब्यातून पाठवला. त्यानंतर नायट्रोफ्युरॅन्टॉइन सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आग बरीच कमी झाली. अहवालात ई. कोलाय आला आहे. नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिनपुढे ‘संवेदनशील’ आणि सेफिक्झिम व सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ‘प्रतिरोधक’ असे लिहिले आहे. आता पाच दिवस पूर्ण झाले आहेत आणि त्रास नाही. पुन्हा कल्चर करावे का? आणि हे सारखे होऊ नये म्हणून काय करावे? आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच स्वच्छतागृह आहे आणि त्यात पाणी नसते, म्हणून आम्ही सगळ्याजणी सकाळपासून पाणी पिणेच टाळतो.

वैद्यक_नाशिक यांचे उत्तर

त्रास पूर्ण थांबला असेल आणि आपण गर्भवती नसाल, तर पुन्हा कल्चर करण्याची गरज नाही. अहवालाचा फोटो मात्र फोनमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या कोणत्याही सल्ल्यात डॉक्टरांना तो आधी दाखवा. वर्षात तीनदा त्रास झालेला असल्यामुळे सवडीने एकदा पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी असे मी सुचवेन. त्यासाठी सुटीत एकदा नंदुरबारला किंवा नाशिकला प्रत्यक्ष यावेच लागेल.

पाणी टाळण्याची सवय हेच आपल्या दुखण्याचे एक मोठे कारण असावे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या आणि वारंवार हा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर जास्तीचे पाणी प्यायला दिले, तेव्हा वर्षभरातील त्रासाच्या खेपा जवळपास निम्म्यावर आल्या, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले आहे. लघवी तुंबवून ठेवू नये आणि संबंधांनंतर लगेच लघवीला जाऊन यावे. पण पाणी प्या म्हणणे सोपे आहे आणि स्वच्छतागृहात पाणी नसताना ते पिणे अवघड आहे, हे मला कळते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्वच्छतागृहाच्या पाण्याचा विषय लेखी मांडा. आपल्याबरोबर इतर शिक्षिकांच्या आणि मुलींच्या पालकांच्या सह्या घ्या. अर्जाला वैद्यकीय कारण जोडायचे असेल तर मला निरोप पाठवा, मी माझ्या नोंदणी क्रमांकासह तसे पत्र देईन.